मुसकं की मुस्कटदाबी?

आमच्याकडे बैलाच्या तोंडाला जे बांधतात त्याला मुसकं म्हणतात. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सोयाबीनची कोळपणी चालू असते, दोन्ही बाजूंना कोवळं, लुसलुशीत पीक आणि मधून बैल चालणार. तोंड मोकळं ठेवलं तर कोळपं राहील एका तासात आणि बैल शिरेल दुसऱ्यात. म्हणून मुसकं. आमचे आबा ते अंबाडीच्या सुतळीचं स्वतः विणायचे, हल्ली नायलॉनच्या दोरीचं बाजारात तयार मिळतं. आकार मात्र तोच. पिशवीसारखं, जाळीदार, सैल. त्यात बैल तोंड उघडतो, जीभ बाहेर काढून नाक चाटतो, फुरफुरतो, हंबरतो. फक्त पीक खाता येत नाही. आणि औत सुटलं, पाण्यावर न्यायची वेळ झाली की पहिलं काम मुसकं काढायचं. हे कुणी शिकवावं लागत नाही, दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं.

दुसरा शब्द मुस्कटदाबी. हा पेपरात भेटतो, अग्रलेखात वगैरे. यात तोंड दाबलेलं असतं. उघडायचंच नाही.

हे दोन शब्द कानाला एकाच घरातले वाटतात, पण त्यांच्यात केवढं अंतर आहे ते बैलवाल्याला बरोबर कळतं आणि कुत्रं पाळणाऱ्याला अजिबात कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय. आज त्यावर जरा भांडायचं आहे. नातेवाइकांपैकी काही जण हे वाचणार आहेत आणि त्यांना लागणार आहे, याची कल्पना आहे. लागू द्या.

आपल्या हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला आता घराघरात लहान कुत्री आली आहेत. पूर्वी कुत्रं म्हणजे शेतावरचं, आखाड्यावर झोपणारं, भाकरीवर वाढणारं. आता पामेरियन (बहुतेक वेळा तो खरा पामेरियन नसतोच, आपला देशी स्पिट्झ असतो, पण असो), डाशहुंड, आणि 2003 साली हचची ती जाहिरात आल्यापासून पग. ही कुत्री दिवाणावर बसतात, पाहुण्यांच्या मांडीवर ठेवली जातात, लेकरं त्यांना बाहुलीसारखी उचलतात. आणि ती चावतात. चावली की घरातले हसतात! "एवढुसं तर हाय, काय करतंय ते?"

हे हसणं मला सहन होत नाही.

मागच्या वर्षी आमच्या भावकीतल्या एका सहा वर्षांच्या पोरीच्या ओठाला असंच एक "एवढुसं" चावलं. कुणाचं ते सांगत नाही. पोरीने त्याला झोपेतून उचललं होतं. ते आधी गुरगुरलं होतं, तर मोठी माणसं म्हणाली, बघा कसा राग येतोय शहाण्याला. मग चावलं. मग कुणीतरी धावत हळदीचा डबा आणला. हळदीचा जिल्हा आपला, जखम दिसली की हात डब्यातच जातो. खरं तर कुत्रं चावल्यावर हळद नको, तिखट नको, चुना नको. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि तसंच सरकारी दवाखान्यात. पोरीला रक्त आलं होतं, म्हणजे तिसऱ्या वर्गातली जखम, नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ओठात सुई! चार जणांनी धरली होती तिला. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा खेपा. कुत्र्याला वर्षाची लस दिली होती का, तर कुणाला आठवेना. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही म्हणतात ते जवळजवळ शब्दशः खरं आहे. आणि त्या विषाणूला कुत्र्याचं वजन पाच किलो आहे की पन्नास, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

सरकारचंही लक्ष मोठ्या कुत्र्यांवरच. 2022 साली गाझियाबाद, लखनौकडच्या बातम्या आल्या, पिटबुलच्या नावाने देशभर ओरड झाली. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींची यादी राज्यांना पाठवली, पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द ठरवलं. यादी बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण त्यात पामेरियन नाही, डाशहुंड नाही, पग नाही. उलट 2008 साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मालकांनाच विचारून जातवार स्वभावाचा अभ्यास केला, त्यात अंगावर येण्यात आणि चावण्यात वरच्या नंबरला कोण? डाशहुंड आणि चिवावा. मोठं कुत्रं चावलं तर बातमी होते, लहान चावलं तर विनोद होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 मात्र विनोद करत नाही. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात आहे. जनावर किती इंच उंच असावं हे लिहिलेलं नाही.

तर लहान कुत्र्यालाही मुसकं लागतं. सगळ्यांना नाही, सारखं नाही. पण डॉक्टरकडे सुई टोचताना, नखं कापताना, जखम धुताना, घरात लग्नाची वीस माणसं उतरलेली असताना, जीपमध्ये दाटीवाटीने बसून गावाला जाताना लागतं. दुखणाऱ्या अंगाला हात लावला तर जगातलं सगळ्यात गुणी कुत्रंही चावतं. यात त्याचा स्वभाव काढायचं कारण नाही.

इथे आमचे एक काका हरकत घेतात. मुक्या जनावराचं तोंड बांधणं पाप आहे म्हणतात, आणि लगेच नामदेवांची गोष्ट सांगतात. नर्सी आपल्याच तालुक्यात, त्यामुळे ही गोष्ट सांगायचा आपल्याला जरा जास्तच हक्क आहे असं सगळ्यांना वाटतं. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नको देवा म्हणून. काकांचं म्हणणं, ज्या मातीत कुत्र्याच्या मागे तूप घेऊन धावले त्या मातीत तुम्ही त्याचं तोंड बांधता?

काका, गोष्ट मलाही आवडते. पण त्या गोष्टीतलं कुत्रं पळू शकत होतं, हे तुम्ही कधी लक्षात घेतलंय का? सगळी गोष्टच त्यावर उभी आहे. कुत्र्याला भीती वाटली तर त्याचा पहिला उपाय पळणं. ते जमलं नाही तर गुरगुरणं. चावणं अगदी शेवटी येतं. तीन खोल्यांच्या घरात, साखळीला बांधलेल्या किंवा कडेवर उचललेल्या कुत्र्याने पळायचं कुठे? मोठ्या कुत्र्याच्या गुरगुरण्याला माणूस मागे सरतो. लहान गुरगुरलं तर मोबाईल काढून शूटिंग करतात. दोन्ही उपाय आपणच काढून घेतले, आता तिसरा त्याने वापरला की ते वाईट कुत्रं. पाप शोधायचंच असेल तर ते इथे आहे. आणि हो, मुसक्यात अंगठ्याएवढी भाकर तुपात बुडवून देता येते. मी रोज देतो. पण त्यासाठी मुसकं हवं, मुस्कटदाबी नको.

तर आता त्याकडे वळतो.

कुत्र्याच्या दुकानात जा, नाहीतर जनावरांच्या औषधाच्या दुकानात, आणि लहान कुत्र्यासाठी मझल मागा. दुकानदार एक काळी नायलॉनची पट्टी काढून देईल. नळीसारखी. एका बाजूने रुंद, दुसऱ्या बाजूने निमुळती, मागे चाप. स्वस्त असते, खिशात मावते, आणि घातल्यावर कुत्रं एकदम गप्प होतं, त्यामुळे मालक खूश. गप्प का होतं? जबडा बंद आवळला जातो म्हणून. तोंड उघडता येत नाही, जीभ बाहेर काढता येत नाही, पाणी पिता येत नाही. ओकारी आली तर ती बाहेर पडायला वाट नाही, ती श्वासात जाते.

यातलं जीभ बाहेर न येणं हे सगळ्यात भयंकर. माणसाला उकडलं की अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पायाच्या तळव्यांना, त्याने काही भागत नाही. त्याची उष्णता जाते धापा टाकून. तोंड उघडं, जीभ लोंबती, भराभर श्वास, ओल्या जिभेवरून वारा. तो त्याचा कूलर. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, दारं बंद करून कूलरसमोर बसतो आपण. आणि त्याच महिन्यात दाट केसांच्या पामेरियनचा कूलर पट्टीने बांधून ठेवतो! कुत्र्याच्या अंगाचा ताप एरवीच अडतीस-एकोणचाळीस अंश असतो. एक्केचाळीसच्या पुढे गेला की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. भीतीने, धडपडीने तो आणखी वाढतो, आणि पट्टी बांधलेलं कुत्रं धडपड करणारच.

एका लग्नात हे डोळ्यांनी पाहिलंय. मे महिना, पत्र्याचा मांडव. पाहुण्यांना चावू नये म्हणून एका हौशी कुटुंबाने आपल्या पांढऱ्या स्पिट्झला पट्टी बांधून मांडवाच्या खांबाला बांधलं होतं. हेतू चांगला होता, हे लिहिलंच पाहिजे. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते आडवं झालं होतं. हिरड्या लालभडक, डोळे वर. बायकांपैकी कुणालातरी आधी दिसलं. पट्टी कापली, पोटावर, मांड्यांवर, पायांवर पाणी ओतलं, पंख्यासमोर ठेवलं, मग गाडी काढून डॉक्टरकडे. वाचलं. आणि संध्याकाळी ते कुटुंब काय म्हणतं? "नाजूक जात हाय ना, ऊन सोसत नाही." जातीवर गेलं सगळं! पट्टी धुऊन पुन्हा पिशवीत.

बैलाला कुणी असं केलं असतं तर गावाने त्याला चार शब्द ऐकवले असते. बैलाचं जबडं दोरीने आवळून दुपारभर उन्हात ठेवलं, असं आपण ऐकलंय का कधी? उलट मळणीच्या बैलाला मुसकंसुद्धा घालू नये, असा नियम तर बायबलच्या जुन्या करारात आहे. राबणाऱ्या जनावराच्या तोंडाचा विचार माणूस फार जुन्या काळापासून करतोय. कुत्रं राबत नाही, लाडाचं असतं, म्हणून त्याचा विचार होत नाही की काय कोण जाणे. कायदा म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याबद्दलचा 1960 चा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये! पट्टीच त्याहून महाग येते.

डॉक्टर मंडळी कधी कधी गॉजची पट्टी नाकाभोवती गुंडाळून, हनुवटीखाली गाठ मारून कानामागे बांधतात. ते चालतं. सुई टोचेपर्यंत, मिनिट-दोन मिनिटं, समोर माणूस उभा असताना. धाप लागलेल्या किंवा उलटी होणाऱ्या कुत्र्याला तेही करत नाहीत. दोन मिनिटांची ती सोय दोन तासांची करायची आणि वर "डॉक्टरपण बांधतात की" म्हणायचं, हा युक्तिवाद मी तीन वेळा ऐकलाय.

मग घ्यायचं काय? पिंजऱ्यासारखं जाळीचं मुसकं. बैलाचंच, पण लहान. आत कुत्र्याला तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे. जरासं नाही, पूर्ण, धाप लागल्यावर उघडतं तेवढं. दुकानातले नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यांच्यावर जाऊ नका. शिंप्याची टेप घ्या. डोळ्यांच्या जरा खालून नाकाच्या टोकापर्यंत लांबी, आणि नाकाडाचा सगळ्यात जाड भाग जिथे असेल तिथला घेर. लांबीत थोडी जागा सोडा, नाक जाळीला घासता कामा नये. घेर तर सढळ हाताने वाढवा, कारण माप घेताना तोंड मिटलेलं असतं आणि मुसक्यात ते उघडायचं असतं. जाळी डोळ्यांत जात नाही ना बघा. मानेचा पट्टा एक बोट आत जाईल इतका. स्पिट्झच्या मानेला केसच इतके की पट्टा घट्ट वाटतो आणि पंज्याने एकदा ओढला की सगळं निघून हातात येतं, म्हणून कपाळावरून जाणारा आडवा पट्टा असलेलं बघावं. तारेचं मुसकं लहान कुत्र्याला जड होतं, आणि आपल्या उन्हात ती तार तापते. हलकं प्लास्टिक किंवा मऊ रबर बरं. पगला यातलं काही बसत नाही, त्याला नाकच नाही बिचाऱ्याला. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी सगळ्या चेहऱ्यावर येणारं जाळीचं वेगळं मिळतं. पण पगला नुसता श्वास घ्यायचीच मारामार असते, त्यामुळे त्याला काहीही घालायच्या आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, काही लांब नाही.

आता आणलं आणि घातलं, असं नाही. ज्या दिवशी चावायची भीती त्याच दिवशी पहिल्यांदा तोंडात कोंबायचं, हा सर्वसाधारण रिवाज. मग कुत्रं मुसकं दिसलं की पलंगाखाली जातं आणि काढायला गेलेल्या हाताला चावतं. आमच्या झिपरीचं सांगतो. तिचं मुसकं मी पहिले तीन दिवस वाटीसारखं हातात धरलं, तळाशी पनीरचा तुकडा. तिने आपणहून नाक घालायचं, खायचं, नाक काढायचं. मी ढकलायचं नाही. चौथ्या दिवसापासून ती नाक आत ठेवून वाट बघायला लागली. मग पट्टा कानामागे नुसता टेकवायचा. मग लावून लगेच काढायचा. मग दोन मोजून, मग दहा मोजून. दोन आठवड्यांनी ती मुसकं घालून गच्चीवर माझ्यामागे फिरत होती. आता खुंटीवरून मुसकं काढलं की शेपटी हलते, कारण तिच्या हिशेबी त्यातून खाणं येतं. डॉक्टरकडे जायचं नसेल तेव्हाही आठवड्यातून एकदा-दोनदा पाच मिनिटं घालतो, नाहीतर मुसकं म्हणजे सुई एवढंच तिच्या डोक्यात राहील.

आमच्या आईने हे सगळं बघून विचारलं होतं, "कामून एवढा खटाटोप? बैलाला कुठं पनीर देतोत?" बरोबर आहे तिचं. पण बैलाची वासरू असल्यापासून दावं, वेसण, जू, सगळ्याची सवय टप्प्याटप्प्याने होते, औताला नवा गोऱ्हा जुन्या बैलाबरोबर जुंपून शिकवतात. तेच मी पाच किलोत केलं, म्हटलं. तिला पटलं की नाही माहीत नाही, पनीर मात्र तीच कापून द्यायला लागली.

मुसकं भुंकण्यावरचा उपाय नाही, हेही सांगून ठेवतो, कारण निम्मे लोक त्यासाठीच आणतात. जाळीच्या मुसक्यात कुत्रं व्यवस्थित भुंकतं. पट्टीत भुंकत नाही, म्हणून तर पट्टी खपते! शेजाऱ्यांना त्रास होतो हे खरं, पण ते एकटं पडलंय म्हणून भुंकतंय, का दारासमोरून दिवसभर माणसं जातात म्हणून, हे बघायला वेळ नाही आणि पट्टी आवळायला आहे. तसंच, मुसकं घालून कुत्र्याला एकटं सोडायचं नाही. जाळी कुठे अडकेल सांगता येत नाही. आणि आपल्या गल्ल्यांमधून मुसकं घातलेलं लहान कुत्रं मोकळं सोडणं म्हणजे त्याला मोकाट कुत्र्यांच्या हवाली करणं, त्याच्याकडे आता दातही नाहीत. मुसकं घातलंय म्हणून लेकरांना "आता ओढा शेपूट" म्हणणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही.

दिवाळीला सगळे हिंगोलीला जमणार आहात. दोन घरांची मिळून तीन कुत्री येतील असा अंदाज आहे, आणि ओठावर शिवल्यासारखी बारीक रेघ असलेली ती पोरगीही येणार आहे. कुत्री जरूर आणा. पट्टी आणू नका, आणली तर मी ती चुलीत घालीन आणि भांडण करायचं तर करू. लांबी आणि घेर, दोन आकडे आत्ताच कळवा. इथे हव्या त्या मापाचं मिळत नाही, मागवावं लागतं, आणि मग शिकवायला पंधरा दिवस हवेत. लसीच्या कार्डाचा फोटोही पाठवा. पनीर आई कापेल.